कारण सापडलं होतं

स्पष्टीकरणांची मला कधी टंचाई पडली नाही. मुलगी जेवत नाही म्हणून आई-वडील समोर येऊन बसले, की अर्ध्या तासात माझ्याकडे कारण तयार असे. बहुतेक वेळा ते समोरच्याच खुर्चीत, पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेलं असे.

पुण्यात मी काम सुरू केलं ते ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला. ॲनोरेक्सिया वगैरे आपल्याकडे नसतं, ते खाऊनपिऊन सुखी असलेल्या गोऱ्यांचं दुखणं, असं आमचे ज्येष्ठ छातीठोकपणे सांगत. त्यामुळे अशी एखादी मुलगी आली की मला चक्क आनंद व्हायचा. पुस्तकातलं पान दारात चालत आलं, असा. मी डॉक्टर नाही, मानसशास्त्रज्ञ आहे. पण लोक ‘डॉक्टर’ म्हणत, आणि दर वेळी दुरुस्ती करायचा मला लवकरच कंटाळा आला. हा कंटाळा पुढे महागात पडला.

त्या वेळची पुस्तकं अशी होती की वाचून माणसाला आपण फार हुशार झालो असं वाटावं. जुन्या फ्रॉइडपंथीयांचं म्हणणं होतं की, मुलीला तोंडावाटे गर्भ राहण्याची भीती वाटते म्हणून ती अन्न नाकारते. १९४०मध्ये हे गंभीरपणे छापून आलं होतं. त्याला आम्हीही हसत होतो. हसत नव्हतो ते हिल्डे ब्रूख यांना. जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या या बाईंचं ‘द गोल्डन केज’ १९७८चं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: बाळ रडलं की ते भुकेनं रडतंय, थंडीनं की नुसतं जवळ घ्या म्हणून, हे न ओळखता आई आपल्या अंदाजानं भरवत राहिली, तर मुलाला स्वतःच्या पोटातल्या खुणा वाचताच येत नाहीत. मोठेपणी ही मुलगी शहाणी, आज्ञाधारक, पहिल्या नंबरची असते, पण आतून तिला वाटत असतं की आपलं असं काहीच नाही. मग शरीर हा एकच प्रांत उरतो, जिथं तिचा हुकूम चालतो. लंडनचे आर्थर क्रिस्प सांगत की ही उपासमार म्हणजे मोठं होण्यापासून माघार आहे. वजन उतरतं, पाळी थांबते, शरीर पुन्हा लहान मुलीचं होतं आणि तारुण्याचे सगळे प्रश्न पुढे ढकलले जातात.

आणि साल्वादोर मिनुचिन. फिलाडेल्फियात त्यांनी कुटुंबंच्या कुटुंबं समोर बसवून पाहिली, आणि १९७८मध्येच सहकाऱ्यांबरोबर पुस्तक लिहिलं. अशा घरात माणसं एकमेकांत नको तितकी गुंतलेली असतात, अतिजपणूक असते, ताठरपणा असतो, भांडण मिटवण्याऐवजी ते झाकलं जातं, आणि आई-बापांच्या न झालेल्या भांडणाचं ओझं मुलगी पोटावर वाहते. हे वाचलं तेव्हा मला आमचं स्वतःचं घर दिसलं, माझ्या दोन्ही मावश्यांची घरं दिसली, सगळी सदाशिव पेठ दिसली. जे सगळ्यांनाच लागू पडतं त्यानं एकीचंच दुखणं कसं समजणार, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पडला नाही.

ती मुलगी बारावीत होती. आई पोस्टात, वडील खाजगी कंपनीत हिशेबनीस, घरात आजी. सुरुवात संकष्टीच्या उपासानं झाली. मग गुरुवार आला, मग शनिवार. आजी खूश: या वयात किती सोशिक पोर. उपासाला खिचडी नको, वरईचे तांदूळ नकोत, ताकावर भागतं म्हणाली तेव्हाही कौतुकच झालं. आपल्याकडे न खाणाऱ्या मुलीवर संशय घ्यायला फार उशीर लागतो, कारण तोवर तिला पुण्यवान ठरवून झालेलं असतं. माझ्याकडे आणली तेव्हा पंजाबी ड्रेस खांद्यावरून घसरत होता, भर मे महिन्यात अंगात स्वेटर होता आणि हातांवर बारीक लव आली होती. पाळी कधीच बंद झालेली. मी हे सगळं टिपून घेतलं, व्यवस्थित, तारीख घालून. आणि घरच्यांच्या नात्यांबद्दल विचारायला सुरुवात केली.

मिनुचिन कुटुंबाला दवाखान्यात जेवायला बसवत. मीही बसवलं. आईनं चार पुडांचा डबा आणला होता: वरण-भात, बटाट्याची भाजी, पोळ्या, लिंबाची फोड, तुपाची छोटी डबी. माझ्या टेबलावरच्या फायली बाजूला करून आम्ही वर्तमानपत्र अंथरलं. मुलीनं पोळीचे तुकडे केले, मग तुकड्यांचे तुकडे, आणि ते पानाच्या कडेनं रांगेत लावले. वडील भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत जेवले. आई स्वतः जेवत नव्हती. मुलीच्या ताटाकडे बघत होती. मी मुलीला विचारलं, ‘‘भाजी आवडते का?’’ तर आई म्हणाली, ‘‘हिला पहिल्यापासून आवडते.’’ मी वहीत लिहिलं: ‘गुंतलेपणा. आई मुलीच्या वतीनं बोलते.’ मला इतका आनंद झाला होता की मुलीनं किती घास खाल्ले, हे मी लिहिलंच नाही. मिनुचिन अशा बैठकीत आई-वडिलांना कामाला लावत, पोटात चार घास जावेत म्हणून स्वतः झटत. मी नक्कल केली ती फक्त बघण्याची.

पुढच्या आठवड्यात मी आईला एकटीला बोलावलं आणि म्हटलं, ‘‘तुम्ही आता तिच्या ताटातून बाहेर या.’’ वाक्य मला फार आवडलं होतं. पुढे एक-दोन व्याख्यानांतही मी ते वापरलं. त्या गप्प बसल्या. मग विचारलं, ‘‘म्हणजे जेवायला बोलवू पण नको का?’’ मी म्हटलं, नको. तिची भूक तिला सापडू दे.

मुलीशी मी जे बोलत होते ते आणखी अभिमानाचं. तिनं एक वही केली होती. ‘रुचिरा’तल्या आणि मासिकांतल्या पाककृती सुवाच्य अक्षरात उतरवून काढायची. घरात ती सगळ्यांना आग्रह करकरून वाढायची. आजीनं दुसरा लाडू घेतला नाही तर चिडायची. मी तिला अर्थ सांगितला: तू आईची जागा घेते आहेस, भरवणाऱ्याच्या हाती सत्ता असते. ती मैत्रिणींना टाळू लागली होती, त्याचा अर्थ मी सांगितला. कपाटातल्या वस्तू मोजून मापून ठेवायची, त्याचाही. ती मान डोलवायची. शहाणी, आज्ञाधारक मुलगी. मान न डोलवून करते काय? ब्रूख यांनी नेमकं इथंच बजावून ठेवलं होतं. अशा मुलीला आयुष्यभर दुसऱ्यानंच सांगितलेलं असतं की तुला काय वाटतंय. उपचार करणाऱ्यानंही तिच्या मनाचा अर्थ तिलाच ऐकवला की जुन्याच जखमेवर घाव. त्यापेक्षा आपल्याला माहीत नाही असं धरून चाला, तिला विचारा. हे सगळं मी वाचलेलं होतं. आईवरचं प्रकरण तेवढं पाठ केलं.

आई आज्ञेप्रमाणे ताटातून बाहेर आली. मुलगी वाळत राहिली. पावसाळा संपता संपता ती कॉलेजच्या जिन्यात चक्कर येऊन पडली आणि तिला इस्पितळात न्यावं लागलं. तिथल्या फिजिशियननी मला फोन केला. आवाज चढवला नाही त्यांनी. नाडी फार मंद आहे, पोटॅशियम खाली गेलंय, एवढं सांगून विचारलं, ‘‘इतके महिने हिची नाडी, वजन कोण बघत होतं?’’

मी म्हटलं, ‘‘मी डॉक्टर नाही.’’

कित्येक वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं ते असं. आई-वडिलांची मात्र समजूत अशी की मुलगी एका डॉक्टरच्या देखरेखीखाली आहे.

मिनेसोटाच्या प्रयोगाचं नाव मी ऐकून होते. तो नीट वाचला त्यानंतर. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं, युरोपात उपासमार होती, आणि उपाशी माणसांना पुन्हा खाऊ घालायचं कसं, याचा शास्त्रशुद्ध आधार कुणाकडे नव्हता. ॲन्सेल कीज यांनी ३६ तरुण निवडले. सगळे पुरुष, तत्त्वासाठी लढाईला नकार दिलेले, आणि तनामनानं धडधाकट आहेत अशी खात्री करून घेतलेले. १९४५च्या फेब्रुवारीपासून २४ आठवडे त्यांना नेहमीच्या साधारण निम्मं अन्न दिलं. बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी. वजन पाव हिश्श्यानं उतरलं. उरलेलं वाचताना मी माझी केसची फाईल शेजारी उघडून ठेवली होती.

हे बाप्ये पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. रात्री झोपण्याआधी ती वाचू लागले. ताटातल्या जेवणाचे बारीक तुकडे करून, पाणी ओतून, वेळ लावून लावून खाऊ लागले. त्यांना सतत थंडी वाजे. नाडी मंदावली. हसणं-बोलणं आटलं, माणसं नकोशी झाली, मुलींमधला रस गेला. नको त्या वस्तूंचा साठा करण्याची सवय काहींना लागली. एकानं कुऱ्हाडीनं हाताची बोटं तोडून घेतली, आणि ते अपघातानं की मुद्दाम हे त्याला स्वतःलाही नीट सांगता येईना. पुन्हा पोटभर जेवण सुरू झालं तरी कित्येकांचं पोट भरलं असं त्यांना वाटेना, खात सुटायचे.

यांच्यापैकी कुणाची आई फिलाडेल्फियात मिनुचिनसमोर बसली नव्हती. म्हणजे वही, वाढण्याचा आग्रह, तुकड्यांची रांग, मैत्रिणींना टाळणं, कपाट, या ज्या ज्या गोष्टींतून मी त्या मुलीचा स्वभाव आणि त्या घराचा दोष वाचला होता, त्यातलं निम्म्याहून अधिक भुकेनं केलेलं होतं. आणि घरातला ताण? ज्या घरात मूल डोळ्यांदेखत झिजतंय तिथं आई ताटाकडे बघणार नाही तर कुठं बघेल? धूर दिसला म्हणून मी धुरावरच आग लावल्याचा आळ घेतला होता.

घाईनं दुसऱ्या टोकाला जायची माझी खोड आहे, म्हणून हेही सांगते. मिनेसोटाचे तरुण जेवायला आसुसलेले होते; ती मुलगी समोर ताट असून नाही म्हणत होती. तो ‘नाही’ भुकेनं समजत नाही. तिथं मनाकडे यावंच लागतं. ऑक्सफर्डचे क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी पुढे जी मांडणी केली ती मला वापरायला सर्वांत बरी वाटली, कारण तिच्यात रोग लागला कशामुळे यापेक्षा तो टिकून राहिला कशामुळे, हा प्रश्न मोठा आहे. आपली सगळी किंमत वजनाच्या काट्यावर आणि आरशात ठरवायची सवय; त्यातून खाण्यावर कडक बंधनं; बंधन मोडलं की अपराध वाटून आणखी बंधन; कुणाकडे याला जोडून परिपूर्णतेचा हट्ट, कुणाला नकोशी भावना जराही सहन न होणं, कुणाला आपण मुळातच कमी असल्याची खात्री. असं वर्तुळ कुठूनही तोडायला घेता येतं. आजी दिवंगत झाली तरी तोडता येतं.

काही वर्षांनी ती आई मला लक्ष्मी रोडवर भेटली. मुलगी तोवर बरी झाली होती, बी.एस्सी. करून नोकरीला लागली होती, हाडं मात्र ठिसूळ राहिली होती, साध्या पडण्यानं मनगट मोडलं होतं. त्यांनी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मग सहज बोलावं तसं म्हणाल्या, ‘‘तुम्ही सांगितलंत ना, तेव्हापासून मी स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून जेवायची. तिचं पान दिसायला नको म्हणून. सवयच लागली, अजून जात नाही.’’ तक्रारीचा सूर नव्हता. मी त्यांची माफी मागितली का? नाही. मी म्हटलं, ‘‘आता बघायला हरकत नाही,’’ आणि आम्ही दोघी हसलो. हे त्या जिन्यातल्या चक्करीपेक्षा मला जास्त लागून राहिलं आहे.

सोलापूरकडची एक नवी सून आली होती, तिच्याबाबतीत माझी चूक अगदी उलटी. ती म्हणायची, घास उतरत नाही, पोट गच्च राहतं, खाल्लं की उलटी होते. वजन चिंताजनक. मी विचारलं, जाड होण्याची भीती वाटते का? ती माझ्याकडे बघतच राहिली. तिला अंगानं भरायचं होतं. सासरचे ‘काडी’ म्हणून हिणवत होते. पुस्तकात वजन वाढण्याची भीती ही अटच होती, ती इथं नाही, सबब हा खाण्याचा विकार नाही, असं लिहून मी तिला पोटाच्या डॉक्टरकडे परत पाठवलं. त्यांनी ती आधीच सगळ्या तपासण्या करून माझ्याकडे पाठवली होती. पुढे ती आलीच नाही. हाँगकाँगमध्ये सिंग ली यांनी १९९३मध्ये दाखवून दिलं की त्यांच्याकडच्या ७० रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांना जाड होण्याची भीती नव्हतीच. पोट फुगतं, भूक नाही, एवढंच त्या सांगत. दिल्लीच्या एम्समधूनही १९९५मध्ये अशाच पाच तरुणींचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला, आणि तिथल्या डॉक्टरांनाही निदानाला बरीच खटपट पडली होती. गंमत म्हणजे १८७३च्या सुमारास लंडनमध्ये गल आणि पॅरिसमध्ये लासेग यांनी या दुखण्याचं वर्णन केलं, तेव्हा त्यांनीही जाडीच्या भीतीचं नाव काढलं नव्हतं. तालमीत जाणाऱ्या एका पोरालाही मी असंच परत पाठवलं, मुलगा आहे म्हणून. या विकाराचं सर्वांत जुनं म्हणून जे वर्णन मानलं जातं ते रिचर्ड मॉर्टन यांचं, १६८९चं; त्यात रुग्ण दोन आणि त्यांतला एक सोळा वर्षांचा मुलगा.

सर्वांत जास्त टाळ्या मिळवून केलेली चूक व्याख्यानांची. १९९४मध्ये सुश्मिता आणि ऐश्वर्या सौंदर्यस्पर्धांत जिंकल्या, घराघरांत केबल आली आणि मला महिला मंडळांची, कॉलेजांची आमंत्रणं येऊ लागली. पुढे फिजी बेटांवरचा ॲन बेकर यांचा अभ्यास हाती लागला. तिथं भरलेलं अंग मानाचं. १९९५मध्ये एका भागात टीव्ही आला, आणि तीन वर्षांत शाळकरी मुलींत वजनासाठी मुद्दाम उलटी करणाऱ्या, ज्या आधी आढळल्या नव्हत्या, त्या शंभरात अकराच्या घरात गेल्या. मी हे असं सांगायची की दोष टीव्हीचा, प्रश्न मिटला. बेकर यांनी स्वतः ते इतकं सोपं केलेलं नाही. बदलत्या जगात पुढे जायचं, नोकरी मिळवायची, तर त्या बायकांसारखं दिसावं लागेल, असं त्या मुली सांगत होत्या. ती महत्त्वाकांक्षा मी गाळली. टीव्हीला शिव्या दिल्या की श्रोत्यांत बसलेल्या आयांना बरं वाटे. एरवी त्यांनाच शिव्या देणारी मी, त्यामुळे मलाही.

माझं भाषण रंगावं म्हणून मी आजारी मुली काय काय करतात, कसं लपवतात, ते तपशिलात सांगायची. एका कॉलेजात भाषण संपल्यावर एक मुलगी वही घेऊन आली. मला वाटलं, सही हवी असेल. तिनं मी सांगितलेले प्रकार क्रमवार उतरवून घेतले होते आणि एका ठिकाणी शब्द निसटला होता, तो विचारायला ती आली होती. मी तिला थांबवून बोलले, तिच्या बाईंना सांगितलं. पण सभागृहात अशा किती वह्या होत्या? त्यानंतर ती भाषणं मी बंद केली. कारण विचारलं तर घसा बसतो म्हणून सांगायची.

लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात ऐंशीच्या दशकातच वेगळी वाट सापडली होती. जेराल्ड रसेल, ख्रिस्तोफर डेअर, इव्हान आयस्लर यांनी कारणाचा प्रश्न बाजूला ठेवला आणि आई-वडिलांनाच मुलीला पुन्हा खाऊ घालण्याच्या कामावर नेमलं. ज्यांना आम्ही खोलीबाहेर काढत होतो, त्यांना. रसेल म्हणजे ज्यांनी १९७९मध्ये बुलिमियाला नाव दिलं तेच. वयानं लहान आणि दुखणं जुनं न झालेल्या मुलींना त्याचा उपयोग होतो, हा निष्कर्ष १९८७मध्येच प्रसिद्ध झाला होता. म्हणजे मी त्या आईला ताटातून बाहेर काढलं तेव्हा तो छापून झालेला होता. माझ्या वाचनात आला कितीतरी उशिरा. या क्षेत्रातल्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं, कुटुंब हे या विकाराचं मुख्य कारण आहे असं मानणं चूक आहे, असं स्पष्ट जाहीर केलं ते २०१०मध्ये. मी ते निवेदन छापून टेबलाच्या काचेखाली ठेवलं आहे. आयांनी वाचावं म्हणून, असं मी सांगते.

आता माझ्याकडे कुणी आलं तर आधी फिजिशियनची चिठ्ठी बघते. नाडी, रक्तदाब, ईसीजी, पोटॅशियम, फॉस्फेट. बाकीचं नंतर. जुळ्यांच्या अभ्यासातून हा विकार बराचसा आनुवंशिक आहे हे दिसत होतंच. २०१९मध्ये सुमारे १७ हजार रुग्णांच्या जनुकांवरून आठ जागा सापडल्या, आणि त्यांचा संबंध मनाच्या आजारांइतकाच शरीराच्या चयापचयाशीही लागला. हे मी पालकांना सांगते, कारण ऐकताना त्यांचे खांदे सैल होतात. माझेही होतात, म्हणून मला थोडी शंकाही येते.

मध्यंतरी एक जोडपं आलं होतं. मुलगी नववीतली. आईनं विचारलंच, ‘‘आमचं काय चुकलं?’’ मी जनुकांचं सगळं नीट समजावून सांगितलं, कुणाचा दोष नाही, हे दोनदा सांगितलं. वडील लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, ‘‘म्हणजे हे हिच्या माहेरून आलं असणार.’’

मी म्हटलं, ‘‘आज दुपारी मुलीबरोबर जेवायला घरी कोण असणार आहे?’’